दूरस्थ नोडांची नामनोंद : नोंदवहीच्या जागेचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

आपल्या टेबलावरील संगणकाने दूरच्या संगणकावरील डेटाबेस वाचावयाचा, तर ते दूरचे यंत्र कोणत्या नावाने ओळखले जाते व कोठे सापडते हे त्याला आधी कळले पाहिजे. आय्‌.बी.एम्‌. कंपनीच्या डीबीटू या डेटाबेस-प्रणालीत हे काम एका लहानशा आज्ञेने होते. क्लायंट यंत्रावर बसलेला मनुष्य ती आज्ञा टंकतो, दूरस्थ यंत्राला, म्हणजे 'नोडला', एक नाव देतो आणि ती नोंद त्याच्याच यंत्रावरील एका सूचीत जाऊन पडते. हे काम इतके क्षुल्लक मानले जाते की पाठ्यपुस्तके त्यास अर्ध्या पानापेक्षा अधिक जागा देत नाहीत. परंतु नाव आणि वस्तू यांचा संबंध हा ज्यांच्या अभ्यासाचा विषय आहे, त्यांना या आज्ञेत एका जुन्या प्रश्नाचे नवे रूप दिसल्यावाचून राहणार नाही.

तो प्रश्न असा : नावांची नोंदवही कोठे असावी, आणि तिच्यातील नोंदींच्या खरेपणाची जबाबदारी कोणी वाहावी? संगणकांच्या जाळ्यांच्या अर्ध्या शतकाहून अधिक काळच्या इतिहासात या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे दिली गेली. प्रस्तुत निबंधात त्यांचा क्रमशः विचार करावयाचा आहे. यातील कोणतेही उत्तर पुढच्याने बाद केले नाही. ती सर्व आजही एकाच वेळी, एकमेकांवर थर चढावेत तशी नांदत आहेत, आणि नामनोंदीत होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ या थरांच्या विस्मरणात आहे, असे आमचे प्रतिपादन आहे.

२. प्रत्येकाची स्वतंत्र वही

अमेरिकेच्या संरक्षणखात्याच्या आश्रयाने उभे राहिलेले आर्पानेट हे जाळे १९६९ अखेर केवळ चार स्थानांचे होते : लॉस एंजेलिस व सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठे, स्टॅनफर्ड संशोधन संस्था आणि युटा विद्यापीठ. यंत्रांना क्रमांक होते, आणि जाळ्याला क्रमांकच समजत. माणसांना मात्र क्रमांक लक्षात ठेवणे जड जाते. म्हणून ज्या त्या स्थानाने आपापल्या सोयीची नावे योजिली व आपल्याच यंत्रावर त्यांची यादी ठेवली. परिणाम असा झाला की एकाच यंत्राला निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी नावे पडली. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे, तर प्रत्येक स्थानाची स्वतःची व्यक्तिबोली तयार झाली होती. समाजाची अशी भाषा अद्याप नव्हती.

सप्टेंबर १९७१ मध्ये मायटर या संस्थेतील पेगी कार्प यांनी जाळ्याच्या पत्रकमालिकेतील २२६ व्या पत्रकात सर्वांनी एकच प्रमाण नामावली स्वीकारावी अशी सूचना केली. पुढे डिसेंबर १९७३ मध्ये एल्‌. पीटर डॉइच यांनी ६०६ व्या पत्रकात ही तक्रार अधिक स्पष्टपणे मांडली. तीच ती माहिती प्रत्येक स्थानाने स्वतंत्रपणे लिहावी व स्वतंत्रपणे दुरुस्त करावी, यात काही अर्थ नाही. ती एकाच ठिकाणी असावी आणि यंत्रांनी ती तेथून उचलावी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. जानेवारी १९७४ च्या ६०८ व्या पत्रकाने ही सूचना उचलून धरली. नामावली सांभाळण्याचे काम स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील जाल-माहिती केंद्राकडे आले.

३. एकच वही

या केंद्राची धुरा एलिझाबेथ फाइन्लर यांनी १९८९ पर्यंत वाहिली. केंद्राने ठेवलेली 'होस्ट्‌स डॉट टीएक्स्‌टी' ही फाईल म्हणजे जाळ्यातील सर्व यंत्रांची एकमेव अधिकृत नोंदवही होय. नवे यंत्र जोडावयाचे असेल तर केंद्राला कळवावे, केंद्राने नाव तपासून नोंदवावे आणि इतरांनी फाईलची नवी प्रत वेळोवेळी उतरवून घ्यावी, अशी रीत होती.

या व्यवस्थेत सत्याची जबाबदारी निःसंदिग्ध होती. दोन यंत्रांना एक नाव मिळू नये हे पाहणे केंद्राचे काम. नाव कसे असावे याचेही नियम ठरले. ऑक्टोबर १९८५ च्या ९५२ व्या पत्रकानुसार नावात रोमन वर्णमालेची अक्षरे, अंक, आडवी रेघ व टिंब एवढीच चिन्हे चालत आणि त्यांची एकूण संख्या २४ पलीकडे जाऊ नये असे होते. नोंदवही केवळ नावे साठवीत नाही. नाव म्हणून काय चालेल हेही तीच ठरविते, ही गोष्ट येथे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. पुढे तिचा संबंध मराठीशीही येणार आहे.

यंत्रे शेकड्यांत होती तोवर हे चालले. पुढे मात्र दोष उघड झाले. वही मोठी झाली, आणि प्रत्येक यंत्राने ती वारंवार उतरवून घेणे हाच जाळ्यावर भार होऊन बसला. शिवाय प्रत उतरविल्याच्या क्षणापासून ती शिळी होऊ लागे. आपल्याच इमारतीतील एका यंत्राचे नाव बदलावयाचे, तरी त्यासाठी कॅलिफोर्नियातील केंद्राला कळवावे लागे. जो वस्तू जाणतो त्याच्या हाती नोंद नाही, आणि ज्याच्या हाती नोंद आहे तो वस्तू जाणत नाही, असा हा विपर्यास होता.

४. वाटून दिलेली वही

यावरचा उपाय दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेतील पॉल मॉकापेट्रिस यांनी नोव्हेंबर १९८३ मध्ये ८८२ व ८८३ या दोन पत्रकांत मांडला. नोव्हेंबर १९८७ मध्ये १०३४ व १०३५ या पत्रकांनी त्यास आजचे रूप दिले. या योजनेत नावांचे एक झाड कल्पिले आहे. मुळाशी असलेली संस्था फक्त मोठ्या फांद्यांची नोंद ठेवते. प्रत्येक फांदीचा धनी आपल्या उपफांद्यांची. विद्यापीठाच्या नावाखाली येणाऱ्या यंत्रांची नावे विद्यापीठच ठेवते व बदलते. दूरच्या प्रश्नकर्त्याने मिळालेले उत्तर किती काळ खरे मानावे, याची मुदतही उत्तरासोबत येते.

ही शेवटची तरतूद विशेष महत्त्वाची वाटते. जुन्या वहीतील नोंद कायमची असल्यासारखी लिहिली जाई. नव्या व्यवस्थेत प्रत्येक नोंद सांगते, 'मी एवढा वेळ खरी आहे. त्यानंतर पुन्हा विचारा.' नामसंबंध हा संकेतावर अवलंबून असतो आणि संकेत काळाने बदलतो, हे भाषाशास्त्राचे प्राथमिक तत्त्व येथे यंत्ररचनेत उतरले आहे.

याच सुमारास विचारांतही एक आवश्यक भेद रूढ झाला होता. जॉन शॉक यांनी १९७८ मध्ये नाव, पत्ता व मार्ग या तीन कल्पना एकमेकींपासून वेगळ्या केल्या. आपल्याला काय हवे ते नाव सांगते, ते कोठे आहे हे पत्ता सांगतो, आणि तेथवर कसे जावे हे मार्ग सांगतो. व्यवहारात आपण या तिन्हींची गल्लत सर्रास करतो. पुढे वर्णिलेली डीबीटूची आज्ञा समजून घेताना हा भेद हाताशी असला पाहिजे.

५. डेटाबेस आणि जन्मस्थानाची कल्पना

आता यंत्रांकडून डेटाबेसकडे वळू. जून १९७० मध्ये ई. एफ्‌. कॉड यांनी आय्‌.बी.एम्‌.च्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेतून डेटाबेसच्या संबंधात्मक प्रतिमानाचा निबंध प्रसिद्ध केला. त्यावर आधारलेल्या 'सिस्टिम आर' या प्रयोगातून पुढे डीबीटू निघाले, आणि १९८३ मध्ये ते मोठ्या यंत्रांसाठी जाहीर झाले. डेटाबेस एकाच यंत्रावर असेपर्यंत दूरस्थ नावाचा प्रश्नच नव्हता. तो उद्‌भवला तो त्याच प्रयोगशाळेत, 'आर-तारा' या विखुरलेल्या डेटाबेसच्या प्रयोगात.

ब्रूस लिंडसे व त्यांचे सहकारी यांनी तेथे जी नामपद्धती योजिली, ती भाषाशास्त्रज्ञाने मुद्दाम पाहण्यासारखी आहे. प्रत्येक वस्तूच्या पूर्ण नावाचे चार घटक होते : निर्माता, निर्मात्याचे स्थान, वस्तूचे नाव आणि वस्तूचे जन्मस्थान. वस्तू पुढे दुसऱ्या यंत्रावर हलविली तरी तिच्या नावातील जन्मस्थान बदलत नसे. मात्र जन्मस्थानाच्या सूचीवर एक कर्तव्य असे : ती वस्तू सध्या कोठे आहे, हे विचारणाराला सांगणे. मध्यवर्ती वही मुळीच नको, प्रत्येक स्थान स्वायत्त राहिले पाहिजे, हा या योजनेमागचा आग्रह होता.

मराठी वाचकास ही कल्पना परकी वाटू नये. आपल्याकडील 'कर' या प्रत्ययाने होणारी आडनावे माणूस आज कोठे राहतो हे सांगत नाहीत. त्याचे मूळ गाव सांगतात. पिढ्यान्‌पिढ्या नागपुरात काढलेला गृहस्थही आडनावाने कोकणातल्या गावाचाच राहतो. फरक इतकाच की, गावाला त्याचा आजचा ठावठिकाणा माहीत असतोच असे नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत मात्र कुळाच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या वाढविल्या जातात. स्थिर नाव आणि चल ठावठिकाणा यांची सांगड घालणारी, कोणी तरी नेमाने वाहिलेली वही हवी, हे तत्त्व दोहोंकडे समान आहे.

६. पुन्हा प्रत्येकाची स्वतंत्र वही : नोड नोंदविणारी आज्ञा

१९९० मध्ये आय्‌.बी.एम्‌.ने विखुरलेल्या संबंधात्मक डेटाबेसांच्या परस्परसंपर्काची 'डीआरडीए' ही रूपरेषा प्रसिद्ध केली, आणि १९९३ पासून डीबीटू लहान यंत्रांवरही आले. कचेरीतील अनेक क्लायंट यंत्रे व दूरचा एक सर्व्हर अशी रचना सर्वत्र रूढ झाली. या क्लायंटांकरिता जन्मस्थानाची पद्धत न घेता अधिक साधी पद्धत स्वीकारण्यात आली : प्रत्येक क्लायंटने आपली नामसूची आपण ठेवावी.

आज्ञा दोन टप्प्यांनी द्यावी लागते. पहिली, देवनागरीत उतरवून दाखवावयाची तर, अशी : 'कॅटलॉग टीसीपीआयपी नोड', त्यापुढे आपण ठरविलेले नोडचे नाव, मग 'रिमोट' व त्यापुढे दूरच्या यंत्राचे जाळ्यावरील नाव किंवा पत्ता, मग 'सर्व्हर' व त्यापुढे सेवेचे नाव किंवा पोर्टचा क्रमांक, उदाहरणार्थ ५००००. दुसरी आज्ञा : 'कॅटलॉग डेटाबेस', त्यापुढे डेटाबेसचे मूळ नाव, मग 'ॲज' व आपल्याला हवे ते उपनाव, मग 'ॲट नोड' व पहिल्या आज्ञेत दिलेले नाव. नोडचे नाव आठ अक्षरांत बसवावे लागते. डेटाबेसच्या उपनावासही तेच बंधन आहे.

वाक्यरचनेच्या दृष्टीने पाहता ही आज्ञार्थी वाक्ये आहेत. क्रियापद आरंभी, मग कर्म, त्यानंतर कारकसंबंध दाखविणारे शब्द. 'ॲट' हे अधिकरण होय; आपण तेथे सप्तमी योजू. 'ॲज' ने एका वस्तूवर दुसरे नाव ठेवले जाते. 'कॅटलॉग' हा मुळात नाम. इंग्रजीत तो प्रत्ययावाचून क्रियापद होतो, मराठीत 'नोंद'पासून 'नोंदविणे' साधावे लागते.

परंतु व्याकरणापेक्षा महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. आज्ञा देताच 'आज्ञा यशस्वी रीतीने पूर्ण झाली' अशा अर्थाचा निरोप येतो. काय यशस्वी झाले? केवळ नोंद. दूरचे यंत्र अस्तित्वात आहे की नाही, त्या पोर्टवर कोणी ऐकत आहे की नाही, त्या नावाचा डेटाबेस तेथे आहे की नाही, यांपैकी कशाचीही शहानिशा या वेळी होत नाही. यंत्राचे नाव चुकीचे टंकले तरी निरोप तोच. खरेखोटे कळते ते पुढे केव्हा तरी जोडणी करू जाताना.

जे. एल्‌. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या व १९६२ मध्ये ग्रंथरूप झालेल्या व्याख्यानांत, जी वाक्ये काही वर्णन न करता उच्चारानेच कृती घडवितात, त्यांचे विवेचन केले आहे. नाव ठेवणे हे त्यांच्या उदाहरणांपैकी एक. नोड नोंदविणारी आज्ञा याच जातीची आहे. ती खरी किंवा खोटी नसते. साधते किंवा फसते. आणि येथे ती साधण्याची अट एवढीच की क्लायंटच्या वहीत ओळ लिहिली जावी. नामकरण साधले म्हणून नामी अस्तित्वात आहे असा निष्कर्ष काढणे, हीच नवशिक्याची नेहमीची चूक होय. निरोप वाचून तो निर्धास्त होतो आणि पुढे जोडणी अडली की दोष सर्व्हरमध्ये शोधीत बसतो.

याच व्यवस्थेची आणखी तीन वैशिष्ट्ये सांगितली पाहिजेत. नोडची नोंद जागच्या जागी बदलता येत नाही. 'अनकॅटलॉग' या आज्ञेने जुनी काढून नवी करावी लागते. नोड काढून टाकला तरी त्यावर विसंबलेल्या डेटाबेसांच्या नोंदी आपोआप जात नाहीत. आधार गेलेली नावे सूचीत तशीच राहतात. आणि सूचीची एक प्रत यंत्राच्या स्मृतीत राहत असल्यामुळे, नवी नोंद केल्यावरही चालू असलेले सत्र जुनीच प्रत पाहत राहू शकते. म्हणून 'टर्मिनेट' ही आज्ञा देऊन ती प्रत टाकून द्यावी लागते. वस्तू, नोंद आणि नोंदीची स्मृती या तीन गोष्टी तीन वेगांनी बदलतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

७. थरांवर थर

आता या सर्वांचा एकत्र विचार करू. वापरणारा मनुष्य उपनाव उच्चारतो. क्लायंटची डेटाबेस-सूची त्या उपनावावरून मूळ नाव व नोड सांगते. नोड-सूची नोडवरून दूरच्या यंत्राचे जाळ्यावरील नाव व सेवा सांगते. सेवेचे नाव दिले असेल तर पोर्टचा क्रमांक क्लायंटवरील आणखी एका फाईलीतून मिळतो. यंत्राच्या नावावरून पत्ता मिळतो तो मॉकापेट्रिस यांच्या झाडातून, अथवा त्याच क्लायंटवरील 'होस्ट्‌स' नावाच्या फाईलीतून, जी फाइन्लर यांच्या केंद्रातील वहीची थेट वारस आहे. अशा रीतीने १९७१ ची व्यक्तिबोली, १९७४ ची एकच वही आणि १९८३ ची वाटून दिलेली वही ही तिन्ही एका जोडणीच्या क्षणात हजर असतात.

यातून व्यवहाराचा प्रश्न उभा राहतो. समजा, एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा डेटाबेस नव्या यंत्रावर हलविला आणि पन्नास क्लायंट यंत्रांवर त्याच्या नोंदी आहेत. नोंद करताना 'रिमोट' या शब्दापुढे पत्त्याचे आकडे लिहिले असतील, तर पन्नासही ठिकाणी जुनी नोंद काढून नवी करावी लागेल. तेथे जाळ्यावरील नाव लिहिले असेल, तर झाडातील एक नोंद बदलली की काम झाले. पहिल्या प्रकारात नोंदवणाऱ्याने नावाच्या जागी पत्ता ठेवला. शॉक यांचा भेद तो विसरला. वरवर दोन्ही आज्ञा सारख्याच यशस्वी ठरतात. त्यांच्यातील अंतर कळते ते कित्येक वर्षांनी, मूळ नोंदवणारा कदाचित तेथे नसताना.

या गैरसोयीवर जे उपाय निघाले, त्यांत आर्पानेटचाच इतिहास पुन्हा घडला. एका क्लायंटची सूची फाईलीत काढून इतरांवर चढविण्याची साधने आली. म्हणजे 'होस्ट्‌स डॉट टीएक्स्‌टी'ची वाटणी पुन्हा सुरू झाली. नोंदी एका सामाईक निर्देशिकेत ठेवण्याची सोयही झाली. म्हणजे मध्यवर्ती वही परत आली. नव्या चालकांपैकी काही तर नोडसूची पाहतच नाहीत. यंत्राचे नाव व पोर्ट त्यांना थेट सांगावे लागते. चित्रांच्या साहाय्याने नोंद करण्याची साधने मध्यंतरी होती, ती डीबीटूच्या दहाव्या आवृत्तीत, २०१२ मध्ये, काढून टाकण्यात आली. टंकलेली आज्ञा मात्र टिकली. वाक्य लिहून ठेवता येते, दुसऱ्याला देता येते आणि तपासता येते, हे त्याचे एक कारण असावे.

८. कोणत्या लिपीतील नाव?

नाव म्हणून काय चालेल हे नोंदवही ठरविते, असे वर म्हटले. जाळ्यावरील नावांना रोमन अक्षरांचे जे बंधन १९८५ च्या पत्रकात होते, ते झाडाच्या व्यवस्थेतही व्यवहारतः चालूच राहिले. मार्च २००३ मध्ये इतर लिप्यांतील नावे रोमन चिन्हांत सांकेतिक रीतीने लिहून नोंदण्याची सोय झाली. वहीत पडते ते सांकेतिक रूप. वाचकाला दिसते ते मूळ लिपीतील.

परंतु त्या पहिल्या नियमांत काही अदृश्य जोडचिन्हे नोंदीपूर्वी गाळून टाकली जात. मराठीत अर्ध्या 'र'ची दोन रूपे अर्थभेदक आहेत : 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग, आचार्याला द्यावयाचे आमंत्रण आचाऱ्याला जाऊन चालत नाही. हे दुसरे रूप ज्या लेखनपद्धतीत र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह यांनी साधतात, तीत लिहिलेला 'दऱ्या' नोंदीत 'दर्या' होऊन बसे. २०१० च्या सुधारित नियमांनी असे चिन्ह हलन्तानंतर चालेल असे ठरविले, आणि २०१४ मध्ये देवनागरीतील 'भारत' हे शेवटचे पद असलेली नावे नोंदण्यास आरंभ झाला. वही कोणाच्या हाती आहे हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. एखाद्या भाषेतील भेद टिकतो की पुसला जातो, हेही त्यावर ठरते.

९. समारोप

वरील आढाव्यावरून दोन अनुमाने काढता येतात. एक, नामनोंद ही वस्तूविषयीची ग्वाही नव्हे. ती एका विशिष्ट समाजाने, एका विशिष्ट ठिकाणी लिहून ठेवलेला संकेत आहे, आणि तो खरा ठेवण्याचे काम कोणी तरी सतत केले तरच तो खरा राहतो. दुसरे, नोंद जितकी वस्तूजवळ असेल तितकी ती सहज दुरुस्त होते, आणि जितकी वापरणाराजवळ असेल तितकी ती चटकन हाती लागते. या दोन सोयींत निवड करावी लागते, दोन्ही एकदम पूर्णपणे मिळत नाहीत.

म्हणून नोड नोंदविताना तीन गोष्टी पाळल्या, तर पुढील अभ्यासकाचे श्रम वाचतील. पत्ता न लिहिता नाव लिहावे. नोंद झाल्याचा निरोप पुरेसा न मानता त्याच वेळी जोडणी करून पाहावी. आणि आज्ञेत टिप्पणीसाठी जी जागा ठेवली आहे, तीत ही नोंद कशासाठी व केव्हा केली ते लिहावे. ही शेवटची जागा बहुतेक सूचींत रिकामी आढळते. नाव देणारा निघून जातो आणि नाव मागे राहते. ते का दिले हे सांगणारी एक ओळ त्याच्यासोबत असावी, एवढीच अपेक्षा.